गाय, म्हैस अन् शेळी एकाच आठवड्यात जनणार : कोणाची किती वाट पाहायची?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

रामराम मंडळी. कोठ्यात तिघी गाभण आहेत आणि तिघींचाही नंबर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात लागेल असं दिसतं.

म्हैस पूर्णाथडी, तिसरं वेत (तिसरं बाळंतपण), हल्या (रेडा) लावला २८ ऑक्टोबरला. कालवड जर्सी संकरित, पहिलारू, कृत्रिम रेतन २५ नोव्हेंबरला. शेळी बेरारी, दुसरं वेत, ८ एप्रिलला बोकड लागला.

दवाखाना १४ किलोमीटरवर, मध्ये नाला. पाऊस लागला की चार-पाच तास पूल पाण्याखाली. त्यामुळे उशिरा फोन करून भागत नाही आणि दर कळेला फोन करणंही बरं दिसत नाही. तारखा बरोबर धरल्या का? कळा सुरू झाल्यावर कोणीला किती वेळ द्यायचा? आपण हात कधी लावायचा आणि कधी नाही? आणखी एक, घरचे म्हणतात वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, आणि वार अडली तर तिला जुनी चप्पल बांधायची. हे करायचं का?

गव्हांडा

भाऊ, तारखा बरोबर आहेत. म्हशीचे ३१० दिवस धरा, म्हणजे १० महिने ६ दिवस. २८ ऑक्टोबरचा हिशेब ३ सप्टेंबरला येतो. शेळीचे १५० दिवस, ८ एप्रिलपासून ५ सप्टेंबर. गायीत जात पाहावी लागते. जर्सी-होल्स्टीनचं वासरू साधारण २८० दिवसांत येतं, देशी गाय २८५ ते २९० घेते. तुमची संकरित असल्यानं १ सप्टेंबरपासूनच नजर ठेवा. पोटात गोऱ्हा (नर वासरू) असला तर एक-दोन दिवस जास्त जातात, जुळं असलं तर काही दिवस आधीच मोकळी होते. तारखेच्या मागंपुढं आठवडाभर झालं तर घाबरायचं नाही, पण म्हैस ३२० च्या पुढं गेली की दाखवून घ्या.

तारखेपेक्षा अंग जास्त सांगतं. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे जे टणक दोर लागतात ते ढिले होऊन तिथं खड्डा पडला, निरण (जननमार्गाचं बाहेरचं तोंड) सुजून लोंबलं, सड तट्ट भरले आणि घट्ट मधासारखा सोट लोंबायला लागला, की एक-दोन दिवसांचा खेळ उरला. त्याच दिवशी आखूड दावं सोडा. जनावराला वळता, बसता, उठता आलं पाहिजे. खाली कोरडा गव्हांडा टाका. सोयाबीनचं कुटार नको, त्यातल्या शेंगांच्या टरफलाची टोकं कासेला टोचतात आणि ओलं झालं की कुबट होतं.

आता वेळेचं. जनण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात पिशवीचं (गर्भाशयाचं) तोंड उघडतं. जनावर बेचैन, ऊठबस करतं, शेपटी उचलतं, थोडं थोडं मुततं. गायीला यात २ ते ६ तास जातात, पहिलारूला त्याहून जास्त. या टप्प्यात हात घालायचा नाही. तोंड पुरतं उघडलेलं नसतं, ओढाल तर फाटेल. दुसऱ्या टप्प्यात पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसते आणि जोराच्या कळा येतात. घड्याळ इथून लावायचं. पाणमोट दिसल्यापासून जुन्या गायीला तास-दीड तास, पहिलारूला दोन तास, तेही काम पुढं सरकत असेल तरच. प्रत्येक कळेला पाय बोटभर तरी बाहेर येतो का ते पाहा. अर्धा तास जोराच्या कळा आणि पाय जागचा हलत नाही, तर दोन तासांची वाट न पाहता फोन. तुमच्याकडे नाला आहे म्हणून सांगतो, पाणमोट दिसली की डॉक्टरांना एक फोन करून फक्त कळवून ठेवा. १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या दवाखान्याचीही नोंद होते.

बाहेर काय आलं ते ओळखता आलं पाहिजे. नीट येणारं वासरू पाण्यात सूर मारल्यासारखं येतं : पुढचे दोन पाय, त्यावर टेकलेलं नाक, खुरांचे तळवे खाली. तळवे वर असले तर बहुतेक ते मागचे पाय. खात्री अशी करायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवून, नखं कापून, खुरापासून वर चाचपत जायचं. पुढच्या पायाचे पहिले दोन सांधे एकाच दिशेला मुडपतात. मागच्या पायाचा दुसरा सांधा पहिल्याच्या उलट मुडपतो आणि त्याच्या मागं टोकदार हाड हाताला लागतं. एकदा घरच्या उभ्या वासराच्या पायावर हे करून पाहा, मग अंधारातही चुकणार नाही.

दोन्ही मागचे पाय सरळ येत असतील तर तसंही वासरू येतं, फक्त कंबर बाहेर आली की थांबू नका. नाळ आत दाबली जाते आणि त्याचं तोंड अजून पिशवीतच असतं, पाण्यात श्वास ओढतं. एकच पाय, नुसतं डोकं किंवा नुसती शेपटी दिसली तर ओढायचं नाही. वासरू आत ढकलून सरळ करावं लागतं आणि ते डॉक्टरांचं काम.

ओढायची वेळ आलीच तर मऊ सुती दोर, गाठ खुरावरच्या पहिल्या सांध्याच्या वर, खाली पुन्हा एक अर्धा वेढा. म्हणजे जोर एकाच जागी येत नाही. दोन माणसं पुरेत. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं. दोन्ही पाय एकदम नाही, एक पाय थोडा पुढं काढायचा, मग दुसरा, तेव्हा खांदे तिरपे होऊन निघतात. डोकं बाहेर आलं की दिशा खाली, गायीच्या मागच्या ढोपरांकडं. ट्रॅक्टर, मोटारसायकल, पाच-सहा गड्यांचा जोर असले प्रकार केले की वासराचा पाय तरी मोडतो नाहीतर गायीच्या कमरेची नस दबून ती उठतच नाही.

कळपाटी

वरचं सगळं गायीला लागू. म्हशीला ते घड्याळ लावाल तर फसाल.

म्हशीत सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे पिशवीला पीळ. पाणमोट दिसल्यावर वेळ मोजा असं वर सांगितलंय, पण पिळात पाणमोट दिसतच नाही. तारीख भरलेली, कास भरलेली, सकाळी म्हैस पाय झाडते, पोटाकडं वळून पाहते, ऊठबस करते आणि चार-सहा तासांनी एकदम शांत होते. घरचे म्हणतात, कळा खोट्या होत्या, गेली वेळ. खोट्या नसतात. पिशवी आपल्याभोवती फिरून तिचं तोंड पिळलं गेलेलं असतं, ओला पंचा पिळावा तसं. वासराला यायला वाटच नाही आणि पिशवीचं रक्त हळूहळू बंद होतं. म्हशीचं पोट ऐसपैस, पिशवी धरून ठेवणारे पडदे ढिले, त्यात डबक्यात लोळायची सवय. पीळ बहुतेक उजवीकडेच बसतो.

मागून नीट उभं राहून निरण पाहा. एका बाजूचा ओठ आत ओढल्यासारखा, सुरकुतलेला दिसला तर संशय पक्का धरा. चारा सोडलेला असतो, रवंथ बंद. म्हशीचा नियम असा ठेवा : बेचैनी सुरू होऊन सहा तास झाले आणि पाणमोट नाही, तर फोन. रात्र असली तरी.

डॉक्टर हात घालून पीळ कोणत्या बाजूला आहे ते पाहतात, मग म्हशीला त्याच कुशीवर पाडून, पोटावर फळी ठेवून, फळीवर माणूस उभा करून तिला त्याच बाजूला लोळवतात. फळी वासराला जागेवर धरते आणि म्हैस पिशवीभोवती फिरते. एकदोनदा लोळवून तोंड मोकळं झालं की वासरू काढता येतं. दहा-बारा फूट लांब, हातभर रुंद फळी आणि पाच-सहा माणसं लागतात, तेवढी तयारी ठेवा. स्वतः लोळवायला जाऊ नका. बाजू चुकली की पीळ आणखी बसतो. दीड-दोन दिवस गेले तर पिशवी काळी पडते, मग ऑपरेशन करूनही म्हैस हाती लागेलच असं नाही.

दुसरं, अंग बाहेर येणं. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात बसली की लाल गोळा दिसतो, उठली की आत जातो, ही सुरुवात. तेव्हाच मागचे पाय वितीएवढे उंच राहतील असा मुरमाचा उतार करा. एकदम पोटभर चारा टाकण्याऐवजी तोच चारा चार वेळा वाटून द्या. जनल्यावर पूर्ण मायांग (पिशवीच) बाहेर पडलं तर म्हशीला हलवू नका. स्वच्छ थंड पाण्यानं धुवा, ओल्या स्वच्छ धोतरात किंवा चादरीत झेलून धरा, कावळे-कुत्रे जवळ येऊ देऊ नका. खूप सुजलं असेल तर वरून साखर पसरा, साखर पाणी ओढते आणि सूज उतरते. मुठीनं आत कोंबू नका. बोटानं भोक पडलं की संपलं.

सालदार७१

वार नाई पडली तं अर्धा लिटर जवसाचं तेल पाजा, मोकळी होते. कायले डाक्टर लागते बाप्पा.

ढोरवैद्य

तेल पोटात जातं, पिशवीत नाही. त्या दोघांची गाठच पडत नाही. जनून थकलेल्या जनावराची मान वर करून बाटली ओतली की अर्धं तेल श्वासनळीत उतरतं आणि चार दिवसांनी ते फुप्फुसानं मरतं. दोष मात्र वारेवर जातो.

वार समजून घ्या, म्हणजे चपलेचंही उत्तर मिळेल. गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्यांत वार पिशवीला सगळीकडून चिकटलेली नसते. ती ठिकठिकाणी बटणासारखी अडकलेली असते. गायीच्या पिशवीत अशी ७० ते १२० बटणं असतात. जनल्यावर पिशवी आकसते, एकेक बटण सुटतं आणि वार खाली येते. घोडीत अशी बटणं नसतात, तिची वार पूर्ण पिशवीभर पसरलेली असते आणि तीन तासांत पडली पाहिजे, नाही पडली तर तातडीचं काम. गाय-म्हशीला १२ तास द्यायचे. बहुतेक आठ तासांत मोकळ्या होतात.

आता चप्पल. दोन-तीनशे ग्रॅमचं वजन सुटलेल्या बटणांना आणखी सोडवत नाही, न सुटलेल्यांना ताणतं. बटण मुळासकट तुटून रक्त जातं, किंवा वार मधूनच तुटून अर्धी आत राहते आणि सडते. वीट बांधली तर पिशवीच पालथी होऊन बाहेर येते. लोंबणारी वार पायाखाली येत असेल तर ढोपराच्या वरपर्यंत कापा, बाकी तशीच ठेवा. १२ तासांनंतरही पडली नाही, वास यायला लागला, ताप आला, तर डॉक्टर. तेही आता हात घालून ओरबाडून काढत नाहीत. औषधं देऊन ती आपोआप गळू देतात, कारण ओरबाडलेल्या पिशवीला पुढं महिनोन्महिने माज लागत नाही, लागला तरी गाभ ठरत नाही.

पडलेली वार जनावराला खाऊ देऊ नका. कुत्री-मांजरी खातात त्यांना चालतं, गायीच्या घशात अडकते. तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना.

आणि चीक. वार पडेपर्यंत चीक न पाजणं हीच सगळ्यात महाग चूक. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारशक्ती बऱ्यापैकी पोटातच वारेतून मिळते. गाय-म्हैस-शेळीची वार जाड, थर जास्त, तिच्यातून ती जात नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं जवळपास काहीच नसतं, सगळं चिकात असतं. ते वासराच्या आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट पहिल्या सहा तासांत सताड उघडी, मग अरुंद होत जाते आणि २४ तासांत बंद. रात्री ११ ला जनली, वार सकाळी १० ला पडली, मग चीक पाजला, तर वासराचं पोट भरलं पण संरक्षण निम्म्याहून जास्त गेलं. पुढं पंधरा दिवसांत पांढरी हगवण लागते ती इथून.

हिशेब : वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या २४ तासांत. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला एक-सव्वा लिटर पहिल्या तासात, कास कोमट पाण्यानं धुवून. वासरू उभं राहत नसेल तर पिळून बाटलीनं, मान आडवी ठेवून. गंमत म्हणजे वासरू चुपू लागलं की पान्हा सुटतो आणि ज्या संप्रेरकानं पान्हा सुटतो त्यानंच पिशवीही आकसते. म्हणजे चीक पाजल्यानं वार पडायला मदतच होते.

नाळ पोटापासून दोन इंचावर स्वच्छ दोऱ्यानं बांधून, खाली उकळलेल्या ब्लेडनं कापायची, टोक टिंचर आयोडिनमध्ये बुडवायचं. नुसता बोळा फिरवून भागत नाही, छोट्या वाटीत बुडवा. दोन-तीन दिवस, दोन वेळा. हळद-शेण लावू नका, सांधे सुजतात ते त्यातूनच.

पावसाळ्यात सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेली (गर्भ पडलेली) गाय असेल तर तिची वार, गर्भ उघड्या हातानं उचलू नका. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही लागतो, ताप येत-जात राहतो, सांधे दुखतात. कोठा बायकाच साफ करतात, त्यांना हातमोजे आणून द्या. वर लिहिलेलं हात घालून पाय चाचपणंही मोजे घालूनच करावं. कालवडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयात या रोगाची एकदाच लस देतात, हिला दिली होती का ते कार्डवर पाहा.

शेरडं_ताई

शेळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शेळीत घाई जास्त, जागा कमी. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काही दिसलं नाही तर थांबू नका. पहिलं पिल्लू आल्यावर दुसरं बहुतेक अर्ध्या तासात येतं. मध्ये शेळी शांतपणे पिल्लू चाटत असेल तर ठीक. कण्हत असेल आणि काही येत नसेल तर अडलं समजा.

बेरारीत जुळी नेहमीची. त्यामुळे अडचण वेगळी असते, दोघं एकदम वाटेत येतात. दोन पाय दिसले म्हणून ओढलं आणि एक पाय एकाचा, दुसरा दुसऱ्याचा निघाला तर दोघंही अडकतात. हात लहान असलेल्या बाईनं, साबण लावून, पायावरून खांद्यापर्यंत आणि खांद्यावरून दुसऱ्या पायापर्यंत बोटं सरकवत जायचं. एकाच छातीला दोन्ही पाय लागले तरच ओढायचं. उरलेल्या पिल्लाला हळूच मागं लोटायचं.

शेवटच्या महिन्यात जुळी पोटात असली की पोटात चाऱ्याला जागा उरत नाही आणि पिल्लं तर तेव्हाच वाढतात. शेळी सुस्त, खात नाही, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, मग बसून राहते. लोक म्हणतात जनायला टेकली. ती उपाशी असते. आतापासूनच रोज पाव किलो भरडा द्या, ज्वारी-मका आणि थोडी ढेप, दोन वेळा वाटून. एकदम अर्धा किलो टाकलात तर पोट फुगेल. आणि पावसात बांधून ठेवू नका, थोडी फिरली पाहिजे.

दोन किलोच्या पिल्लाला दिवसभरात २०० मिली चीक, चार वेळा करून. दोघांतलं दांडगं दोन्ही सड पिऊन टाकतं, म्हणून अशक्त पिल्लाला आधी लावा.

जुळ्यांवरून एक. शेळीत नर-मादी जुळं आलं तरी पाठ (मादी पिल्लू) पुढं गाभण राहते. गायीत मात्र नर-मादी जुळं आलं तर त्यातली कालवड शंभरात नव्वदहून जास्त वेळा वांझ निघते, कारण दोघांच्या वारेतलं रक्त पोटातच मिसळतं. तशी कालवड दोन वर्षं चारा घालून मग फळत नाही म्हणून रडण्यापेक्षा लहानपणीच तपासून घ्यावी.

पूर्णाकाठ

ताई, सगळ्या दादांनो, फार उपकार. फळी शेजारून आणून ठेवतो, टिंचर आणतो. चपलेचं घरी सांगितलं, पटलं नाही, पण चिकाचं पटलं.

जाता जाता दोन गोष्टी. १५ ऑगस्टला १३ अंड्यांवर कोंबडी बसवली, तीही ५ तारखेलाच येते. मागच्या खेपेला मे महिन्यात १२ पैकी चारच निघाली होती, का? आणि म्हैस तिन्ही खेपा हल्याच देईल का, दोन झालेत, घरचे तिला विकायचं म्हणतात.

ढोरवैद्य

म्हैस विकू नका, तिचा दोष नाही. गाय-म्हैस-शेळीत, माणसातही, नर की मादी हे बापाच्या बीजावर ठरतं. दोनदा हल्या झाला म्हणजे नाणं दोनदा छापा पडलं, तिसऱ्यांदाही निम्मीच शक्यता. वगारच (मादी रेडकूच) हवी असेल तर पुढच्या माजाला लिंग वर्गीकृत रेतमात्रा मागा, शंभरात नव्वदच्या आसपास मादी मिळते. त्यात शुक्राणू कमी असतात, म्हणून माज नीट ओळखून, वेळेवर भरली तरच गाभ ठरतो. जनल्यावर ६० दिवस तरी जाऊ द्या. म्हशीचा माज मुका असतो, रात्री-पहाटे पाहा, बळस (माजाचा चिकट स्राव) म्हैस बसल्यावर जमिनीवर पडलेला दिसतो.

कोंबडीत मात्र उलट, तिथं नर-मादी कोंबडीच्या अंड्यावर ठरतं.

मे महिन्याचं कारण ऊन. अंडं २७ अंशांच्या वर राहिलं की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि पुरेशी ऊब नसल्यानं मरतो. दर्यापूरच्या उन्हाळ्यात टोपलीत आठ दिवस साठवलेलं अंडं बसवण्याआधीच गेलेलं असतं. उन्हाळ्यात अंडी तीन-चार दिवसांच्या वर साठवायची नाहीत. ओल्या रेतीवर ठेवलेल्या माठात, निमुळतं टोक खाली करून ठेवायची. दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा तरी हवा.

आता बसवलेली सातव्या रात्री अंधारात टॉर्चवर धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. आरपार स्वच्छ दिसलं तर ते फळलंच नाही, काढून टाका. लाल गोल कडं दिसलं तर मेलेलं, तेही काढा, नाहीतर सडून फुटतं आणि बाकीची बिघडवतं. १८ दिवसांनंतर हात लावू नका. २१ व्या दिवशी टोच दिसली की पिल्लू स्वतः फोडून येईपर्यंत थांबा, बारा-चौदा तासही लागतात. कवच आपण सोललं तर आतली रक्तवाहिनी तुटते.